कलत्या डब्यातला संसार

दूध उतू जातं तेव्हा ते सगळ्या बाजूंनी सारखं जात नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. आमच्या घरात ते नेहमी खिडकीच्या बाजूनं उतू जायचं, कारण आमचं घरच खिडकीच्या बाजूला कललेलं होतं.

घर म्हणजे चाकांवरचा एक पत्र्याचा डबा होता. मोटारीच्या मागे जोडून ओढत नेतात तशी कॅराव्हॅन. तारापूरला मोठ्या प्रकल्पाचं काम चाललं होतं तेव्हा कुणी परदेशी साहेब त्यात राहायचा म्हणे. साहेब गेला आणि डबा लिलावात एका ठेकेदाराकडे आला. मासवणजवळ सूर्या नदीचं पाणी उचलून बोईसरच्या कारखान्यांपर्यंत न्यायचं, त्यासाठी मोठे पाइप टाकायचं काम त्या ठेकेदाराकडे होतं. माझे यजमान, ज्यांना मी तेव्हाही ‘हे’ म्हणायचे आणि आजही म्हणते, त्या कामावर सुपरवायझर होते. काम पुढे सरकेल तसा मुक्काम पुढे सरकायचा. म्हणून राहायला डबा.

आणीबाणी उठून थोडेच महिने झाले होते. मी शिरगावची. आमच्या घरच्या दोन होड्या होत्या. सासर नवापूरला, तेही मासेमारीतलंच. पण हे शाळा शिकले, आयटीआय केलं आणि समुद्राकडे पाठ फिरवून पाइपांच्या मागे लागले. लग्न होऊन मी नवापूरला गेले, सासूबाईंजवळ जेमतेम दोन आठवडे राहिले आणि मग माझी ट्रंक बैलगाडीत घालून यांनी मला मासवणच्या बाजूला शेतात आणलं.

भात कापून झालेलं होतं. खाचरात नुसते खुंट उभे होते. कोपऱ्यात पेंढ्याची उडवी, लांब एक ताड आणि मधोमध हा निळा डबा. मला हसूच आलं. आत दोन बाजूंना दोन बाकं होती, तीच रात्री झोपायला. मध्ये चालायची जागा, टोकाला स्टोव्ह ठेवायला फळी आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. मी असलं घर कधी पाहिलं नव्हतं. पाय ठेवला आणि तोल गेला. 

“जरा कलतंय,” हे म्हणाले. “सवय होते.”

सवय झाली खरी. ताटातली आमटी एका काठाला जाऊन बसायची, तर आम्ही भात त्या काठाला वाढून घ्यायचो. कांदा हातातून निसटला तर तो कुठे सापडणार हे न बघता सांगता यायचं. दार लावायला विसरलं तर ते आपोआप उघडायचं आणि डब्याच्या पत्र्यावर जोरात आपटायचं. यांनी एकट्यानं त्या डब्यात एक हंगाम काढला होता आणि उशी कुठल्या बाजूला ठेवायची एवढंच काय ते शिकून घेतलं होतं. डब्याला पूर्वी चारही कोपऱ्यांना खाली सोडायचे लोखंडी पाय होते म्हणे, पण ते माझ्या येण्याआधीच कुठेतरी गळून गेले होते. आम्ही दोघं तरुण होतो. कललेल्या घरात राहण्याचं आम्हाला काही वाटत नव्हतं. उलट मजा यायची.

ती मजा सासूबाई आल्या त्या दिवशी संपली.

सासूबाई पालघरच्या बाजारात मासे विकायच्या. सासरे गेले तेव्हा हे शाळेत होते. तेव्हापासून त्या डोक्यावर पाटी घेऊन घराबाहेर पडल्या त्या थांबल्याच नव्हत्या. बाजारात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. लग्नानंतरच्या त्या दोन आठवड्यांत मी त्यांच्यासमोर फारसं तोंड उघडलं नव्हतं. भीतीच वाटायची. तर अशा बाईला थंडीच्या दिवसांत बाजारात भोवळ आली आणि त्या पाटीसकट खाली पडल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणं कानाच्या आतलं आहे, तोल सांभाळायची जी जागा असते ती बिघडली आहे. गोळ्या घ्या, पाटी उचलू नका आणि एकट्या राहू नका.

हे एकुलते एक. जाऊन त्यांना घेऊन आले.

त्या आल्या त्या दिवशी संध्याकाळी दमून तशाच झोपल्या. सकाळी मी चहा ठेवत होते. मागे आवाज झाला म्हणून वळून बघते तर सासूबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि उभ्या राहताच दोन-तीन पावलं आपोआप खिडकीकडे धावत गेल्या. दोन्ही हात काचेवर आपटले. मी धरलं नसतं तर डोकं आपटलं असतं.

त्या तशाच खाली बसल्या. डोळे घट्ट मिटलेले, चेहऱ्यावर घाम.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “माजं डोकं फिरतंय का तुजं घर फिरतंय?”

“घर कललंय, आई.”

“मग दोनी एकाच टायमाला नको. मना माज्या घरी सोड.”

हे तेव्हा साइटवरून पाण्याची बादली भरून घेऊन येत होते. त्यांनी दारातूनच ते ऐकलं. बादली खाली ठेवली. एकट्या आईला परत पाठवणं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं, आणि नोकरी सोडून तिच्यापाशी राहणं म्हणजे काय तेही.

“दोन दिवस दे,” शेवटी ते म्हणाले. “डबा सरळ करतो. मग जायचं तर जा.”

पहिला प्रयोग विटांचा. साइटवर व्हॉल्व्हच्या खड्ड्यांसाठी विटा आलेल्या होत्या. यांनी खिडकीच्या बाजूला, डब्याच्या कडेखाली, विटांचा थर रचला आणि पहारीनं डबा थोडा थोडा वर उचलत वर विटा सरकवल्या. दुपारपर्यंत डबा बराच सरळ दिसू लागला. मी आत चढले, आणि खालून, भाजलेला पापड मोडावा तसा आवाज आला. वरच्या विटांचा चुरा झाला होता. डबा पुन्हा जागेवर.

मग आम्ही दोघं बोईसरला गेलो. सासूबाईंना बांधावर, उडवीच्या सावलीत गोधडी घालून बसवलं. जवळच्या पाड्यावरची एक बाई रोज शेळ्या घेऊन तिथे यायची, तिला त्यांच्याकडे बघायला सांगितलं. बोईसर तेव्हा निम्मं गाव आणि निम्मे कारखाने असं होतं. स्टेशनकडून गेलं की आधी सुक्या बोंबलांचा वास यायचा, आणि थोडं पुढे गेलं की घशाला खवखवणारा दुसराच वास. रस्त्याच्या कडेला भंगारवाल्यांच्या पत्र्याच्या शेड होत्या. तिथे ट्रकचे जॅक मिळतात हे यांना माहीत होतं.

भंगारवाल्यानं आमच्यापुढे दोन तऱ्हेचे जॅक ठेवले. एक तेलाचा, बाटलीसारखा. दांडा वर-खाली केला की तो आपसूक उंच व्हायचा. दुसरा स्क्रूचा, जाड आट्यांचा, फिरवायला जड.

“ये तेलवाला ले जाओ,” तो म्हणाला. “मॅडम भी उठा लेगी.”

यांनी मला खरंच दांडा हातात दिला. मी दोन-चार वेळा मारला आणि वर ठेवलेलं गिअरचं धूड अलगद उचललं गेलं. मला तोच आवडला. पण हे म्हणाले, “ट्रकचं चाक बदलायचं तर हाच घेतला असता. आपल्याला महिनोन्‌महिने त्याच्यावर उभं राहायचंय. तेल गळालं की हा बसणार.”

“पण हा किती सोपा आहे.”

“रात्री आई झोपलीय आणि हा हळूहळू खाली बसतोय. चालेल?”

मी दांडा खाली ठेवला. आम्ही स्क्रूचे चार जॅक घेतले. गंज चढलेले, पण आटे शाबूत. ते पोत्यात घालून एसटीच्या टपावर चढवले, तेव्हा कंडक्टरनं विचारलं, “आत काय, तोफगोळे?” आम्हाला आपली एवढी हुशारी वाटत होती की दोघंही वाटभर हसत आलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, यांनी चारही कोपऱ्यांखाली एकेक जॅक बसवला. मदतीला साइटवरचे दोन मजूर होते. त्या दिवशी सासूबाईंना सकाळपासून चक्कर होती. आम्ही बाहेर यायला सांगितलं तर म्हणाल्या, “मी बसले ती बसले. उठले का फिरतं. तुमी करा तुमचं.” स्टोव्हवर बोंबलाचं कालवण ठेवलेलं होतं. बाकावर बसल्या बसल्या त्या पळीनं ढवळत होत्या. मी जॅकचे दांडे कोण कसे फिरवतं ते बघायला म्हणून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

खिडकीकडचा मागचा कोपरा उचलायला सुरुवात झाली. डबा वर जातोय हे डोळ्यांना दिसत होतं. हे खूश होऊन म्हणाले, “अजून थोडं.” तेवढ्यात आतून, पत्र्याच्या पोटातून, करकर असा लांब आवाज आला. मग काहीतरी टणकन उडालं. नंतर कळलं, बाकाचा एक खिळा.

“काय झालं, आई?”

“मना काय विचारतोस? दार उघड.”

मी दार ओढलं, पण ते उघडेना. यांनी ओढलं, मग तिघांनी मिळून ओढलं. एकच कोपरा उचलल्यामुळे आख्खा डबा पिळवटला होता, ओला टॉवेल पिळावा तसा. आणि दाराची चौकट तिरकी होऊन तिनं दार दातांत धरावं तसं धरून ठेवलं होतं.

“जॅक सोडा,” मी ओरडले. पण जॅकही एका बाजूला झुकला होता. खाली भाताची जमीन, वरून सुकलेली आणि आतून मऊ. जॅकची बैठक तिच्यात रुतली होती आणि आटे तिरके दाबले गेले होते. दांडा जागचा हलेना.

आत स्टोव्ह पेटलेला होता. रॉकेलचा स्टोव्ह, तोही तिरका.

“आई, स्टोव्ह बंद करा!” मी खिडकीशी जाऊन ओरडले. “उठू नका, रांगत जा.”

काचेतून मला दिसत होतं. सासूबाई बाकावरून खाली उतरल्या, हातांवर आणि गुडघ्यांवर आल्या आणि डोळे मिटूनच स्टोव्हपर्यंत गेल्या. चावी सैल केली. हवा फुस्स करून बाहेर पडली आणि ज्योत विझली. मग त्यांनी पदरानं पातेलं उचललं आणि तशाच गुडघ्यांवर खिडकीपाशी आल्या. मी काच सरकवली.

“आदी हे घे,” त्या म्हणाल्या. “सांडू नको.”

मी पातेलं घेऊन बांधावर ठेवलं आणि परत खिडकीशी आले. आता त्या खाली बसून खिडकीच्या कडेला धरून होत्या. तोंड पांढरं पडलं होतं. हे आणि मजूर जॅकच्या मागची माती उकरायला लागले होते. तो सुटला की डबा खाली आदळणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

“पोरी, हात दे,” सासूबाई म्हणाल्या.

मी खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि त्यांचा हात धरला. लग्नात पाया पडले आणि त्या पहिल्या सकाळी पडताना सावरलं तेवढंच, त्याशिवाय मी त्यांना कधी शिवले नव्हते. तो हात सगळा कोयत्याच्या आणि माशांच्या काट्यांच्या खुणांनी भरलेला होता, खरखरीत, आणि त्या क्षणी बर्फासारखा गार. त्यांनी माझं मनगट इतकं जोरात धरलं की बांगडी आत रुतली.

“बोलत राव,” त्या म्हणाल्या. “आवाज आयकला का मना कळतंय वर कुटं नि खाली कुटं.”

मग मी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. शिरगावचं आमचं घर, माझ्या वडलांच्या होड्या, आमच्याकडे आई कोलंबीत कैरी घालते ते. कैरीचं ऐकून त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “कैरी नाय, कोकम घालायचं,” आणि तेवढ्यात जॅक सुटला. डबा धाडकन खाली बसला. माझं कपाळ पत्र्यावर आपटलं. पण हात मी सोडला नाही. दार आपोआप उघडलं आणि पत्र्यावर आपटलं, रोजच्यासारखं.

यांनी आईला उचलून बाहेर आणलं आणि बांधावर बसवलं. मजूर आपल्या पाड्याकडे निघून गेले. हे खाली मान घालून मातीचे हात पुसत होते. मला वाटलं, आता त्या म्हणतील, मला घरी सोडा. मी म्हटलंही मनात, सोडून येऊ या.

थोड्या वेळानं सासूबाईंनी डोळे उघडले. “कालवण निवतंय,” त्या म्हणाल्या.

आम्ही बांधावरच भात-कालवण जेवलो. जेवता जेवता त्या डब्याकडे बघत होत्या. मग यांना म्हणाल्या, “तुजा बाप होडी वर आनायचा, तवा एका कोपऱ्याला धरून उचलायचा का रे?”

“नाय.”

“मग काय करायचा?”

“खाली लाकडं टाकून वर ओढायचा.”

“मग याला चाकं हायेत ना? चाक चडव लाकडावर.”

हे जेवायचे थांबले. ती गोष्ट इतकी साधी होती की आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. कोपरे उचलायचेच नाहीत. ज्या बाजूला डबा कलतोय त्या बाजूचं चाक ओढून फळ्यांवर चढवायचं. म्हणजे वजन जिथे असायला हवं तिथेच, चाकावरच राहील आणि अंगाला पीळ पडणार नाही. मागं-पुढं सारखं करायला, मोटारीला जोडायच्या पुढच्या दांडीखाली एक जॅक पुरे. ट्रॅक्टर साइटवर होताच.

“पण फळी जाड पाहिजे,” हे म्हणाले. “खोक्याची फळी फुटेल. साग कुठून आणायचा?”

“घरचं लाकूड हाय,” सासूबाई म्हणाल्या.

यांचा चेहरा बदलला. मला आधी कळलं नाही. मग कळलं. नवापूरला घराच्या मागे, सुरूच्या झाडांखाली, सासऱ्यांची होडी उपडी घालून ठेवलेली होती. ते गेल्यापासून ती पाण्यात गेली नव्हती. किती लोकांनी मागितली, सासूबाईंनी दिली नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी तिला तेल लावायच्या. लग्नानंतर मी अंगण झाडायला गेले होते तेव्हा तिच्यावर कपडे वाळत टाकले, तर त्यांनी काही न बोलता ते उचलून दोरीवर टाकले होते.

“तिला हात लावायचा नाय,” हे म्हणाले.

“मी सांगतंय ना.”

“आई, डब्याच्या चाकाखाली घालायला? बाबांची होडी?”

“पानी लागून किती वर्सां झाली तिला? तेल मी लावतंय, बसती कोन तिच्यात? तुला तर दर्यावर जायाचं नवतं. मी बोलले का कवा?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच बाजारातल्यासारखा चढला आणि लगेच खाली आला. “आता माज्याच्यानं तेल लावाया पन वाकवत नाय. अशीच कुजंल ती. त्यापरीस वापरात येऊं दे.”

हे ताट तसंच ठेवून उठले आणि साइटच्या दिशेनं निघून गेले. सुटीचा दिवस होता, तिकडे कुणी नव्हतं. परत आले तेव्हा ऊन कललं होतं. माझ्याशी एवढंच बोलले, “पुढच्या रविवारी जाऊ. तू पण चल. आईला कुणीतरी धरायला पाहिजे.”

नवापूरला त्या दिवशी वारा होता. वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवांवर, बोंबील टांगलेले होते आणि वाऱ्यानं सगळे एकदम हलत होते. हे हातोडी, पहार आणि करवत घेऊन होडीपाशी उभे राहिले आणि उभेच राहिले. सासूबाई माझ्या खांद्याला धरून पुढे झाल्या. होडीच्या बुडावर त्यांनी तळवा ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

“काड,” त्या म्हणाल्या.

बाहेरच्या फळ्या उन्हानं तडकल्या होत्या, त्या सोडून दिल्या. पण आतल्या, बसायच्या आणि तळाच्या, जाडजूड आणि सरळ फळ्या निघाल्या. यांनी पहिली फळी बाहेर काढली, तिच्यावरची धूळ हातानं पुसली आणि नाकाशी नेली. मग ती आईच्या नाकाशी धरली.

“अजून वास हाय,” ते म्हणाले.

सासूबाईंनी मान हलवली. रडलं कुणी नाही. पण त्यानंतर यांनी जे काम केलं ते फार सावकाश केलं. एकेक खिळा सरळ उपटून काढला आणि एकही फळी चिरू दिली नाही. फळ्या कापून, एकावर एक ठोकून, त्यांनी चाक चढवायला पायऱ्या तयार केल्या. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आखूड, म्हणजे चाक एकेक थर चढत वर जाईल आणि हवं तिथे थांबवता येईल. उरलेल्या तुकड्यांचे जॅकखाली घालायला रुंद पाट केले, म्हणजे ते मातीत रुतणार नाहीत. दोन पाचरी केल्या, चाक मागे सरकू नये म्हणून.

डबा ओढायच्या दिवशी सासूबाईंनी आतमध्ये, जमिनीवर मधोमध, परातीत पाणी घालून ठेवायला लावलं. साइटवर गवंड्याची बुडबुड्याची लेव्हल होती, तीही यांनी आणली होती. पण सासूबाईंचा विश्वास परातीवर. त्या दाराबाहेर स्टुलावर बसून आत बघत होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं अगदी सावकाश ओढायला सुरुवात केली. खिडकीकडचं चाक पहिल्या थरावर चढलं. फळी कुरकुरली, पण टिकली.

“अजून खिडकीकडं हाय,” सासूबाई.

दुसरा थर.

“अजून. जरा... जरा... बास! मागं आन. थोडा. हां, रावू दे.”

यांनी पाचरी ठोकल्या. दांडीखाली पाट आणि त्यावर जॅक घालून पुढची बाजू फिरवत फिरवत वर घेतली. मग मागच्या दोन कोपऱ्यांना जॅक नुसते टेकवले, हातानं फिरतील तेवढेच, डबा हलू नये म्हणून. उचलायचं नाही, फक्त आधार. चौथा जॅक आम्हाला पुन्हा कधी लागलाच नाही. आत जाऊन यांनी फळीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधल्या दोन रेघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. परातीतलं पाणीही चारी बाजूंनी काठापासून सारखं.

मी दार अर्धवट उघडलं आणि सोडून दिलं. ते जिथे सोडलं तिथेच थांबलं. मी पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. मला इतका आनंद झाला की मी किती वेळ तेच करत होते.

सासूबाई माझा हात धरून आत आल्या. बाकापासून स्टोव्हपर्यंत गेल्या, परत आल्या. मग हात सोडून एकदा गेल्या, हळूहळू. त्या दुपारी त्या गाढ झोपल्या, आणि संध्याकाळी उठून मला कोलंबीत कोकम कसं घालायचं ते दाखवलं. घरी परत जायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

डबा सपाट झाला म्हणून त्यांचं दुखणं गेलं, असं मात्र नाही. चक्कर येतच राहिली, कधी आठवडाभर नाही तर कधी रोज. एकदा चांगल्या सपाट जागेवर, खळ्यात, त्या पडल्या आणि मनगट मोडून घेतलं. पण घर फिरत नाही, फिरतंय ते आपलं डोकं, एवढं त्यांना ठाऊक असायचं. डोळे मिटून, फळीला धरून त्या वाट बघायच्या आणि म्हणायच्या, “जाईल. आली तशी जाईल.”

पुढे मुक्काम किती बदलले. पाइपांची रांग बोईसरच्या दिशेनं सरकत होती आणि तिच्यामागून आम्ही. नवी जागा आली की सासूबाई काठी टेकत आधी शेत बघून यायच्या. बांधाला लागून नको, तिथे पाणी मुरतं. ताडाखाली नको, फळं पडतात. काठी टोचून जमीन बघायच्या. मग फळ्या, पाचरी, परात. पावसाळ्यात काम बंद, तेव्हा आम्ही सगळे नवापूरला. पाऊस संपला की पुन्हा डब्यात. दुसऱ्या वर्षी तर त्याच आम्हाला घाई करायच्या.

शेवटचा मुक्काम बोईसरच्या अगदी जवळ होता. समोरून कारखान्यांत जाणारी माणसं सायकलवरून जायची. सासूबाईंनी नवापूरहून सुके बोंबील आणि जवळा मागवला आणि दारात बसून विकायला लागल्या. हिंदी त्यांना येत नव्हती आणि त्यानं त्यांचं काही अडलं नाही. कुणी “कैसे दिया, माई?” म्हणालं की त्या म्हणायच्या, “वास बगून घे बाबा, बिना वास बगता नाय द्यायची.” माणसं हसायची, वास बघायची, घेऊन जायची. बाजारातली जागा गेली त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण त्या दारात बसल्यावर त्यांचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर गेला.

काम संपलं आणि ठेकेदाराचा ट्रक डबा न्यायला आला. दुसरीकडे कुठेतरी, गुजरातच्या बाजूला, त्याचं नवीन काम लागलं होतं. यांनी पायऱ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, घरी न्यायला. ट्रकवाल्यानं विचारलं, “ये भी साथ में है क्या?” हे नाही म्हणणार होते. सासूबाई म्हणाल्या, “दे त्याला. तिकडं पन जमीन वाकडीच असंल.” मग यांनी स्वतःच पायऱ्या उचलून ट्रकमध्ये ठेवल्या.

बोईसरला आम्ही दोन खोल्या घेतल्या. मुलं तिथेच झाली. सासूबाई एकोणीसशे नव्वदनंतर काही वर्षांनी गेल्या, झोपेत. आता त्या रस्त्यानं रिक्षातून जाताना मी बघत असते, पण आमची कुठलीच जागा ओळखू येत नाही. कुठे कंपाउंड, कुठे गोडाऊन, कुठे नुसतंच गवत.

मला आठवते ती मासवणकडची एक दुपार. सासूबाईंच्या मनगटाला प्लास्टर होतं म्हणून मी त्यांचे केस विंचरत होते. त्या दारात पाय बाहेर सोडून बसलेल्या, मी मागे बाकावर. समोर म्हशी चरत होत्या आणि त्यांच्या पायांत बगळे. वारा आला की भाताचे खुंट खरखरायचे. मी गुंता सोडवताना केस ओढले गेले तर त्या ओरडल्या नाहीत. खूप वेळानं म्हणाल्या, “आज काय घाई हाय का तुला?”

“नाही, आई.”

“मग सावकाश कर,” त्या म्हणाल्या, आणि डोकं थोडं मागे, माझ्या गुडघ्यांवर टेकलं.